कल्याणच्या पुढे : लोकलचा प्रवास आणि महानगरी साहित्याची हद्द

मराठी समीक्षेत ‘महानगरी साहित्य’ हा शब्द रुळून कित्येक दशके झाली. या शब्दाखाली जी पुस्तके सांगितली जातात त्यांची यादी बहुतेक वाचकांना पाठ आहे. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७), जयवंत दळवींचे ‘चक्र’ (१९६३), बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३), भाऊ पाध्यांचे ‘वासूनाका’ (१९६५), नारायण सुर्व्यांचे ‘माझे विद्यापीठ’ (१९६६), नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२), आणि अलीकडे जयंत पवारांचे ‘अधांतर’ व त्यांच्या कथा. ही यादी कोणत्याही भाषेला अभिमान वाटावा अशी आहे. पण ती पुस्तके नकाशावर मांडून पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. चाळ, झोपडपट्टी, नाका, गिरणगाव, कामाठीपुरा हा सारा ऐवज मुंबई बेटावरचा किंवा त्याच्या अगदी लगतचा आहे. रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर आपले महानगरी साहित्य दादर-कुर्ल्यापर्यंत भरून येते, ठाण्याला बरेचसे उतरते आणि कल्याणला गाडी रिकामी होते.

प्रत्यक्षातली गाडी मात्र कल्याणला रिकामी होत नाही. पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आहे. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती. बदलापूर त्याआधीच्या जनगणनेत एक लाखाच्या आत होते. म्हणजे दहा वर्षांत ते पाऊणपटीहून अधिक वाढले. आज हे आकडे किती पुढे गेले असतील ते सकाळी फलाटावर उभे राहिले तर कळते.

‘आमच्या गावावर कोणी लिहीत नाही’ अशी तक्रार करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. गावांची हजेरी घेणे हे समीक्षेचे काम नव्हे. माझा प्रश्न वेगळा आहे. मुंबईत काम करणारी लाखो मराठी माणसे दिवसाचे तीन-चार तास ज्या अवस्थेत काढतात, त्या अवस्थेकडे आपल्या साहित्याने आणि समीक्षेने कसे पाहिले? आणि त्या पाहण्यामुळे ती अवस्था सुधारण्याची आपली मागणी धारदार झाली की बोथट?

सक्तीचा वेळ

आधी साधा हिशेब मांडू. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर आहे. जाऊन-येऊन १३६. वर्षाचे २९० कामाचे दिवस धरले तर ३९,४४० किलोमीटर होतात. पृथ्वीचा परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे बदलापूरचा कारकून किंवा परिचारिका दर वर्षी पृथ्वीप्रदक्षिणा घालते, आणि तीस वर्षांच्या नोकरीत अशा तीस. वेळेचा हिशेब अधिक बोलका आहे. घर ते स्टेशन, गाडीची वाट, गाडी, आणि उतरल्यावर कचेरीपर्यंतची पायपीट मिळून एका बाजूला दोन तास धरले तर वर्षाचे ११६० तास होतात. आठ तासांच्या दिवसाने भागले तर १४५ दिवस. पगारपत्रकात २९० दिवस दिसतात. माणूस ४३५ दिवसांची मेहनत करतो.

फ्रेंच विचारवंत आंरी लफेव्र याने १९६८ साली आधुनिक जगातील दैनंदिन जीवनावर एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने माणसाच्या वेळेचे तीन भाग पाडले : कामाला बांधलेला वेळ, मोकळा वेळ आणि सक्तीचा वेळ. प्रवास, कचेऱ्यांतले खेटे, कागदपत्रे यांत जाणारा वेळ तो तिसऱ्या भागात टाकतो. कामाच्या वेळेचा पगार मिळतो, मोकळा वेळ आपला असतो. सक्तीच्या वेळेला धनी नसतो. लफेव्रचे म्हणणे असे की आधुनिक शहरात हा तिसरा भाग वाढत जातो आणि तो मोकळ्या वेळेतून कापला जातो. १९९४ साली चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने असा सिद्धान्त मांडला, की कोणत्याही काळातला माणूस सरासरी दिवसाचा एक तासच प्रवासाला देतो. वाहन वेगवान झाले की तो वेळ वाचवत नाही, आणखी लांब राहायला जातो. मार्केटीच्या तासाची कल्याणपुढच्या माणसाच्या चार तासांशी तुलना केली की लक्षात येते : हा माणूस लांब राहायला गेला तो वेगाच्या हौसेने नव्हे. मुंबईतल्या घरांच्या किमतींनी त्याला ढकलले. घर स्वस्त मिळाले असे आपण म्हणतो. उरलेली किंमत त्याने वेळेत चुकती केली.

मराठी समीक्षेत ‘अवकाश’ या शब्दावर बरेच लिहिले गेले. महानगरातला अवकाश, दलितांचा अवकाश, स्त्रीचा अवकाश. वेळेवर त्या मानाने फार कमी. माझ्या मते आपली महानगरी समीक्षा कल्याणला थांबते याचे एक कारण इथे आहे. चाळ आणि झोपडपट्टी जागेने ओळखता येतात. कल्याणपुढचे जीवन जागेपेक्षा वेळेने घडलेले आहे, आणि त्याला मोजायची फूटपट्टी आपल्याकडे नव्हती.

रूपक, विनोद, संताप

रोजच्या प्रवासाला मराठीने तीन प्रकारे हाताळले.

पहिला प्रकार रूपकाचा. मर्ढेकरांपासून यंत्रयुगाच्या भयाची एक समर्थ परंपरा सुरू झाली. विंदांच्या ‘तेच ते’ या कवितेने मध्यमवर्गीय आयुष्याच्या पुनरावृत्तीला जे रूप दिले ते अजून कोणाला ओलांडता आलेले नाही. श्री. ना. पेंडशांच्या ‘लव्हाळी’तल्या (१९६६) कारकुनाची रोजनिशीही याच जगातली. या लेखनाचे मोठेपण वादातीत आहे. मला अडचण वाटते ती त्यावरच्या समीक्षेची. तिने ‘यांत्रिकता’, ‘परात्मता’, ‘आधुनिक मानवाची नियती’ असे शब्द वापरून प्रवासातल्या माणसाला थेट तत्त्वज्ञानाच्या वर्गात नेऊन बसवले. नियती म्हटले की कोणाला जाब विचारता येत नाही. पण गाडी बारा डब्यांची असावी की पंधरा, कचेरी दहाला उघडावी की अकराला, या गोष्टी नियती ठरवत नाही. त्या माणसे ठरवतात, आणि ठरवणाऱ्यांची पदे असतात.

दुसरा प्रकार विनोदाचा. दिवाळी अंकांनी तो भरपूर पोसला आहे. चौथी सीट, खिडकीची जागा, पत्त्यांचा डाव, भजनी मंडळ, दसऱ्याला हार घालून सजवलेला डबा. हे सगळे खरे आहे आणि गोडही आहे. परक्या माणसांनी रोजच्या गर्दीतून उभी केलेली ती एक संस्था आहे. पण या लेखनात एक माणूस क्वचित दिसतो : ज्याला ग्रुपने जागा दिली नाही तो. उल्हासनगर किंवा अंबरनाथचा माणूस बसायला मिळावे म्हणून उलट्या दिशेने बदलापूरपर्यंत जातो आणि त्याच गाडीने परत येतो. याला ‘डाऊन करून येणे’ म्हणतात. बदलापूरला गाडी लागते तेव्हा निम्म्या जागा अशा रीतीने भरलेल्या, मग बदलापूरकर आणि अंबरनाथकर यांची रोज भांडणे. विनोदी लेखात ही भांडणे गमतीची होतात. वास्तवात ती टंचाईची भांडणे आहेत, सार्वजनिक नळावरच्या भांडणांच्या जातीची. अर्धा तास जास्त देऊन बसायची जागा विकत घेणारा आणि झोपेतला तो अर्धा तास वाचवून उभा राहणारा, दोघेही एकाच तुटवड्याचे बळी असताना एकमेकांचे शत्रू होतात.

तिसरा प्रकार संतापाचा, आणि त्याचे ठळक उदाहरण चित्रपटातले आहे. निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ २००५ साली आला. त्यातला बँकेत काम करणारा माधव आपटे आजही मराठी मध्यमवर्गाला आपला वाटतो. घड्याळ, डबा, गाडी, कचेरी यांची सुरुवातीची पुनरावृत्ती चित्रपटाने अचूक पकडली आहे. पण माधवचा स्फोट होतो तेव्हा तो लाचखोरी, बेशिस्त, छोटेमोठे अन्याय यांच्यावर होतो. ज्या प्रवासाने त्याला पोखरले तो प्रवास चित्रपटाच्या दृष्टीने पार्श्वभूमीच राहतो. वेळेचा प्रश्न नीतीचा प्रश्न बनतो, आणि एका प्रामाणिक पुरुषाच्या शोकांतिकेवर येऊन संपतो. त्याची बायको त्याच्याही आधी उठत असणार, याकडे पाहायला चित्रपटाला वेळ नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. डोंबिवलीला निदान नाव मिळाले. पु. भा. भावे, शं. ना. नवरे तिथे राहिले, २०१७ चे साहित्य संमेलन तिथे भरले. पुढच्या गावांच्या वाट्याला शब्दखेळ आले. ‘बदलापूर’ नावाचा २०१५ चा हिंदी चित्रपट ‘बदला’ या शब्दावर उभा आहे. उल्हासनगर तर ‘मेड इन यूएसए’च्या विनोदात अडकून पडले, नकली मालाला ‘उल्हासनगरचा’ म्हणण्याची सवय आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहे की त्यात कोणाचा अपमान आहे हेही जाणवत नाही.

‘झोपण्याची गावे’ म्हणताना

नगररचनेवर बोलणारी मंडळी या पट्ट्याला शयनगृह म्हणतात : दिवसा मुंबईत काम, रात्री इथे झोप. हा शब्द इतिहास पुसतो.

१८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोचली आणि १८५६ मध्ये तिची शाखा खोपोलीपर्यंत गेली. ती घाट चढून पुण्याकडे जाण्यासाठी होती. इथल्या माणसांना मुंबईत कामाला नेण्याचा तिचा हेतू नव्हता. बदलापूर म्हणजे घोडे बदलण्याचे ठिकाण, अशी लोकांत रूढ व्युत्पत्ती आहे. म्हणजे गावाच्या स्वतःविषयीच्या आठवणीतही ते वाटेवरचे ठाणे आहे, कोणाचे उपनगर नव्हे. अंबरनाथला शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. विसाव्या शतकात तिथे विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना आला, स्वातंत्र्यानंतर दारूगोळा कारखाना आला, पुढे औद्योगिक वसाहत आली. भोंगा झाला की कामगार पायी किंवा सायकलने कामावर जात. इथे नोकरीसाठी बाहेरून माणसे येत. विम्को बंद पडली, बाकीच्या कारखान्यांतली कायम नोकरी आटत गेली, आणि मग या गावांच्या पोटाची वाट एकट्या रेल्वेच्या रुळावर आली.

उल्हासनगरची गोष्ट तर निराळीच. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आणून बसवले गेले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. अजूनही तिथला पत्ता ‘कॅम्प नंबर’ने सांगतात. ज्यांना नोकऱ्या नव्हत्या त्यांनी घरातच यंत्रे मांडली. फर्निचर, कपडे, जीन्स यांचा बाजार असा उभा राहिला. तिथल्या शिलाई कामगाराला लोकलचा प्रवास नाही, पण त्याचा कामाचा दिवस नगावर चालतो आणि वालधुनीचे रंगीत पाणी त्याच्या दारावरून वाहते. प्रवास टळला म्हणजे जगणे सुधारले असे नसते, हे उल्हासनगर शिकवते.

या शहराचे स्वतःचे साहित्यही आहे. साहित्य अकादमीचा १९८४ चा सिंधी पुरस्कार मिळालेले कादंबरीकार मोहन कल्पना उल्हासनगरात राहिले. आपल्या महानगरी साहित्याच्या चर्चेत त्यांचे नाव येत नाही. पाच किलोमीटरवर राहणारे वाचक एकमेकांच्या भाषेतले शहर वाचत नाहीत, तेव्हा शहराविषयीचे ज्ञान विनोदांवर भागवले जाते.

फलाटावरची भाषा

समीक्षकाचे काम भाषा तपासण्याचे आहे, आणि ती केवळ पुस्तकातली नसते. गाडी उशिरा आली की ‘असुविधेबद्दल दिलगीर आहोत’ ही घोषणा होते. या वाक्यात उशीर कोणामुळे झाला ते नसते, आणि ते शेकडो वेळा ऐकल्यावर दिलगिरीचा अर्थही उरत नाही. बातमीत ‘लटकून प्रवास करणारा तरुण पडला’ असे छापून येते. ‘लटकणे’ या क्रियापदाने दोष आपोआप पडणाऱ्यावर जातो. आत शिरायला जागा नव्हती, हे वाक्यात कुठेच येत नाही.

कायदासुद्धा असाच दुभंगलेला आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १५६ नुसार पायरीवर किंवा टपावर प्रवास करणे गुन्हा आहे. त्याच कायद्यातले कलम १२४-अ गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशाला भरपाई देते, रेल्वेची चूक असो वा नसो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रीना देवी प्रकरणात स्पष्ट केले की गाडीत चढता-उतरताना आलेला मृत्यू हा भरपाईस पात्र अपघात आहे; निष्काळजीपणाला स्वतःहून करून घेतलेली इजा म्हणता येणार नाही. मृत्यूच्या भरपाईची रक्कम २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. म्हणजे जिवंत असेपर्यंत दारातला प्रवासी आरोपी, आणि पडला की पीडित. या दोन कलमांच्या मधल्या जागेत रोज लाखो माणसे उभी असतात.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारातले प्रवासी घासले जाऊन खाली पडले. त्यातली एक गाडी कर्जतहून येणारी होती, म्हणजे बदलापूर-अंबरनाथच्या फलाटांवरून भरत गेलेली. त्या दिवशी चौघांचा मृत्यू झाला. त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या गाड्यांची घोषणा झाली. दारे बंद व्हायलाच हवीत. पण दारात उभा असलेला माणूस कुठे जाणार, हा प्रश्न दाराने सुटत नाही. आणखी गाड्या आणि आणखी रूळ असतील तरच सुटतो. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाचे काम म्हणूनच महत्त्वाचे. आज याच दोन रुळांवरून पुण्याकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल जातात.

ऑगस्ट २०२२ मध्ये बदलापूरच्या प्रवाशांनी साध्या लोकलच्या जागी आलेल्या एसी लोकलविरुद्ध आंदोलन केले आणि मध्य रेल्वेला नव्या दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. बाहेरच्यांना याचे आश्चर्य वाटले : लोकांना सुधारणा नको कशी? पण एसीचा पास साध्या पासाच्या कित्येक पट महाग. ज्यांना तो परवडत नाही त्यांच्यासाठी सुधारणेचा अर्थ एक गाडी कमी झाली एवढाच होता. त्या आंदोलनाला मी उत्तम टीका समजतो. ‘सुधारणा’ या शब्दाचा कर्ता आणि कर्म कोण, हे त्यांनी विचारले.

बायकांचा डबा

लफेव्रच्या तीन भागांना इथे एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. संध्याकाळच्या बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते, मटार सोलले जातात, मुलांचा अभ्यास फोनवर घेतला जातो. वर्तमानपत्रांना हे छायाचित्र फार आवडते. ‘जिद्द’, ‘कल्पकता’ असे मथळे पडतात. पण नीट पाहिले तर हे घरकाम आहे, घरात पोचण्याआधी सुरू झालेले. पुरुषाच्या बाबतीत सक्तीचा वेळ मोकळ्या वेळेला खातो. बाईच्या बाबतीत तो दुसऱ्या पाळीचा वर्ग होतो. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेवर महिलांसाठी पूर्ण गाडी सुरू झाली तेव्हा उभे राहण्याचा प्रश्न थोडा हलका झाला, पाळीचा नाही. म्हणून प्रवासाच्या सुधारणेची चर्चा फलाटावर संपू शकत नाही. तिला स्वयंपाकघरापर्यंत जावे लागते.

२०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली. जूनमध्ये ती फक्त अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झाली. घरून काम करू शकणाऱ्यांना दिवसाचे चार तास परत मिळाले, आणि रुग्णालयातल्या आया, सफाई कामगार, सुरक्षारक्षक यांना गाडी नसताना बसच्या रांगा लावाव्या लागल्या. कोणाचे काम हलवता येते आणि कोणाचे नाही, याची इतकी स्वच्छ विभागणी पूर्वी कधी दिसली नव्हती. ज्यांचे हलते त्यांनी काही दिवस घरून किंवा वेगळ्या वेळी काम केले तर ज्यांचे हलत नाही त्यांना गाडीत उभे राहायला जागा मिळेल. २०२३ मध्ये मध्य रेल्वेने मुंबईतल्या शेकडो कार्यालयांना वेळा बदलण्याची विनंती केली. ती विनंतीच राहिली. कामाची वेळ ठरवणाऱ्याला प्रवासाचा खर्च सोसावा लागत नाही, तोवर ती विनंतीच राहणार.

एक आक्षेप

साहित्य म्हणजे प्रवासी संघटनेचे निवेदन नव्हे, असा आक्षेप येईल. मला तो मान्य आहे. मी रेल्वेवर कादंबऱ्या मागत नाही. मी वाचनाची एक सवय मागतो आहे. एखादी कथा हाती आली की तिच्यातले पात्र कुठे राहते हे आपण पाहतो, कोणत्या जातीचे, कोणत्या वर्गाचे हे आता पाहायला शिकलो आहोत. त्याच्या दिवसाचे तास कोणाच्या मालकीचे आहेत, हेही पाहावे. असे वाचले तर ‘लव्हाळी’सारखी जुनी पुस्तकेही नव्याने बोलू लागतील, आणि नव्या लेखकालाही कळेल की आपल्या गावात घटना घडत नाही असे त्याला वाटते, तिथे रोज चार तासांची घटना घडते आहे.

साहित्याचे औपचारिक शिक्षण मला मिळाले नाही. माझे बहुतेक वाचन या मार्गावरच्या गाड्यांत झाले. बदलापूरला श्याम जोशींच्या ‘ग्रंथसखा’सारखे दुर्मीळ मराठी ग्रंथांचे भांडार उभे राहू शकते, म्हणजे या पट्ट्यात पुस्तकांवर जीव लावणारी माणसे आहेत. पण तिथे जाऊन निवांत बसायला लागणारा वेळ इथल्या नोकरदाराकडे रविवारीच असतो, आणि रविवारी मेगाब्लॉक असतो. वाचकसंख्या घटते आहे यावर आपण दर वर्षी परिसंवाद घेतो. पुढच्या परिसंवादात वाचकाच्या अभिरुचीआधी त्याचे वेळापत्रक मागवावे, एवढीच माझी सूचना आहे.